इंजिन खडकाला लागते तेव्हा

नकाशात पाहिले तर कोकणचा किनारा जवळजवळ सरळ रेषेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, जैतापूर अशा एकामागून एक खाड्या या किनाऱ्यात शिरलेल्या आहेत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि अशाच खाड्यांतून समुद्राला मिळतात. दोन खाड्यांच्या मध्ये डोंगरांची टोके समुद्रात घुसलेली असतात. काळ्या दगडाचे आणि जांभ्याचे हे डोंगर पाण्याच्या काठाशी संपत नाहीत. पाण्याखालीही ते पुढे पसरलेले असतात. ओहोटीला त्यांतील काही खडक उघडे पडतात. काही मात्र वीतभर पाण्याखाली दडून राहतात. कोकणातले लोक त्यांना 'खडप' म्हणतात.

या खडकांचा एके काळी मोठा उपयोग झाला. छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ ते १६६७ या काळात मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधला. बेटाच्या भोवती पाण्यात खडकच खडक आहेत. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला तेथे पोहोचणे कठीण होते. म्हणजे खडकांनीच किल्ल्याचा पहारा केला. पण जे खडक शत्रूला अडवतात, तेच आपल्या होडीलाही अडवू शकतात. खडकाला आपला-परका कळत नाही.

पूर्वी लहान होड्या शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. त्या खडकाला लागल्या, तर होडीच्या तळाला मार बसे. आज बहुतेक लहान होड्यांच्या मागच्या फळीवर एक इंजिन अडकवलेले दिसते. हे इंजिन होडीच्या बाहेर असते, म्हणून त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. आपल्याकडे कोणी त्याला 'ओबीएम' म्हणतात, तर कोणी नुसते 'मशीन' म्हणतात. ओल एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला कारागीर लहानपणीच अमेरिकेत गेला. मिलवॉकी शहरात त्याने १९०९ साली असे इंजिन विकायला सुरुवात केली आणि पुढे ही कल्पना जगभर पसरली. या इंजिनाने मच्छीमाराचे श्रम पुष्कळ कमी केले. परंतु एक नवी काळजीही निर्माण झाली. इंजिनाचा खालचा भाग होडीच्या तळापेक्षाही खोल पाण्यात असतो. त्यामुळे होडी खडकावरून सुखरूप जाते आणि इंजिन मात्र अडकते.

या धड्यात समुद्राशी संबंधित बरेच शब्द येतील. त्यांतील काही तुम्हांला ओळखीचे वाटतील. उर्दूतील 'बंदर' मराठीतही बंदरच आहे. 'नाखुदा'चा मराठीत 'नाखवा' झाला. उर्दूत ज्याला 'लंगर' म्हणतात, त्याला मराठीत 'नांगर' म्हणतात. 'दर्या' हा शब्द मात्र सांभाळून वापरा. उर्दूत दर्या म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र!

आता या इंजिनाची रचना समजून घेऊ. त्याचे तीन भाग पडतात. सर्वांत वर, झाकणाखाली, खरे इंजिन असते. तेथे इंधन जळते आणि शक्ती निर्माण होते. मधला भाग लांब खांबासारखा असतो. त्यातून एक उभा दांडा खाली जातो. त्याला शाफ्ट म्हणतात. सर्वांत खाली गिअरची पेटी असते. उभ्या शाफ्टचे फिरणे या पेटीतील दातेरी चाके आडव्या शाफ्टला देतात आणि आडव्या शाफ्टच्या टोकावर पंखा बसवलेला असतो. हा पंखा पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते. पंख्याच्या खाली माशाच्या परासारखे एक पाते असते. त्याला मेकॅनिक स्केग म्हणतात. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. गिअरच्या पेटीत जाड तेल भरलेले असते. ते बाहेर पडू नये आणि खारे पाणी आत येऊ नये, म्हणून शाफ्टभोवती रबराची कडी बसवलेली असते. तिला ऑइल सील म्हणतात. ही कडी एवढीशी असली, तरी साऱ्या पेटीची राखण तीच करते.

इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचेच पाणी वापरतात. खालच्या भागावर लहान जाळीदार छिद्रे असतात. तेथून एक पंप पाणी वर खेचतो. या पंपाच्या आत रबराचे एक चाक असते. पाणी ठीक फिरत असेल, तर इंजिनाच्या बाजूच्या एका लहान छिद्रातून त्याची धार सतत बाहेर पडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडीच होय. डॉक्टर मनगट धरून नाडी पाहतो, तसा जाणता तांडेल अधूनमधून मागे वळून ही धार पाहतो.

होडी खडकाला केव्हा लागते? बहुतेक वेळा ओहोटीला. कोकणात समुद्राला रोज साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते. त्या दिवसांत पाणी फार चढते आणि तितकेच खाली उतरते. तुम्ही चांदची तारीख पाहत असालच. चांदची पहिली आणि चौदावी-पंधरावी यांच्या आसपास उधाण असते. सातव्या-आठव्या चांदच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर दुपारच्या सुमारास पाणी भरते आणि संध्याकाळी ते खूप खाली जाते. नेमक्या त्याच वेळी दिवसभराचे काम आटोपून होड्या घरी परतत असतात. सकाळी ज्या वाटेने होडी सहज बाहेर गेली, त्याच वाटेवर संध्याकाळी खडकावर हातभरही पाणी नसते. सूर्य समोर असल्याने पाणी चमकते आणि खालचे काही दिसत नाही.

धडक किती जोराची बसेल, हे वेगावर अवलंबून असते. तुम्ही विज्ञानात शिकला आहात की, वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १० किलोमीटर वेगाने चाललेली होडी खडकाला लागली आणि तीच होडी ताशी २० किलोमीटर वेगाने लागली, तर दुसऱ्या वेळी खडकाशी चौपट ऊर्जेने टक्कर होते. म्हणून अनोळखी पाण्यात आणि ओहोटीला होडी सावकाश चालवणे, हा पहिला उपाय होय.

एवढे करूनही इंजिन खडकाला लागले, तर काय करावे?

आवाज येताक्षणी वेग कमी करावा, गिअर मोकळा करावा आणि इंजिन बंद करावे. पुष्कळांचा हात घाबरून उलट दिशेला जातो. ते जोर देऊन होडी खडकावरून ओढू पाहतात. हे चुकीचे आहे. पंखा खडकात अडकलेला असताना वरून इंजिन जोर लावत राहिले, तर सारा ताण गिअरच्या दातांवर येतो आणि जो मार पंख्यापुरता होता तो पेटीपर्यंत पोहोचतो.

इंजिन बंद झाले की प्रथम माणसांकडे पाहावे. धक्क्याने कोणी पडले आहे काय? कोणाला लागले आहे काय? मग होडीकडे पाहावे. तळातून पाणी आत येत आहे काय? ज्या फळीवर इंजिन अडकवले आहे, ती तडकली आहे काय? इंजिनाची पाळी यानंतर येते. वारा किंवा प्रवाह होडीला पुन्हा खडकाकडे नेत असेल, तर नांगर टाकावा किंवा वल्ह्याने होडी दूर न्यावी. इंजिनाच्या होडीतही वल्ही का ठेवायची, याचे उत्तर अशा वेळी मिळते.

यानंतर इंजिन वर उचलून तिरपे करावे. हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी काढून घ्यावी. ती काढली की बहुतेक इंजिने चालू होऊ शकत नाहीत. पंख्याची पाती पाहावीत. कडा चेपल्या आहेत काय? एखादे पाते वाकले आहे किंवा तुटले आहे काय? स्केगचे टोक शाबूत आहे काय? पेटीवर भेग दिसते काय? पाण्यावर तेलाचा इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला, तर पेटी फुटली आहे किंवा सील गेले आहे, असे समजावे. इंजिन फळीवर घट्ट धरून ठेवणारे स्क्रू धक्क्याने सैल होतात, म्हणून तेही आवळून घ्यावेत. अशा वेळी स्क्रू सुटून सगळे इंजिनच पाण्यात पडू शकते.

मग गिअर मोकळा ठेवून पंखा हाताने हळू फिरवावा. तो सहज फिरला, तर बरे. तो एका जागी अडकत असेल किंवा आतून करकर असा आवाज येत असेल, तर ते इंजिन पुन्हा चालू करू नये. वल्ह्याने किंवा दुसऱ्या होडीच्या मदतीने परत यावे. दुसरी होडी जवळ नसेल आणि होडी खुल्या समुद्राकडे वाहत चालली असेल, तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक अशा संकटासाठीच आहे. तो प्रत्येक होडीत लिहून ठेवावा.

कधी कधी इंजिन जोरात गुरगुरते, पण होडी पुढे जात नाही. याची दोन कारणे असू शकतात. काही लहान इंजिनांत पंखा आणि शाफ्ट यांना जोडणारी एक पिन असते. ती मुद्दाम कमजोर बनवलेली असते. खडक लागला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. घरातील विजेचा फ्यूज जे काम करतो, तेच काम ही पिन करते. अशा होडीत जादा पिना ठेवाव्यात. पिनेच्या जागी खिळा ठोकू नये. खिळा जास्त मजबूत असला, तर पुढच्या वेळी तो तुटणार नाही, गिअर तुटतील. मोठ्या इंजिनांच्या पंख्यात पिनेऐवजी रबराचा गाभा असतो. धक्क्याने तो आतल्या आत घसरतो. असे झाल्यास अगदी कमी वेगाने होडी बहुधा किनाऱ्याला आणता येते, जोर दिला तर मात्र पंखा पुन्हा घसरतो.

पंखा ठीक फिरत असेल, तर इंजिन खाली सोडून मोकळ्या गिअरमध्ये चालू करावे. आधी पाण्याची धार पाहावी. धार आली नाही, तर लगेच इंजिन बंद करावे. खडकापाशी उडालेली वाळू, शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी छिद्रात अडकलेली असू शकते. धार नीट असेल, तर हळूच पुढचा गिअर टाकावा, मग मागचा. दोन्ही वेळा कान देऊन ऐकावे. नंतर सावकाश घरची वाट धरावी. वाटेत सुकाणूचा दांडा हाताला पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो आहे काय, हे ध्यानात ठेवावे.

होडी किनाऱ्याला लागली की माणसाला हायसे वाटते. पण खरी तपासणी आता सुरू होते आणि पुष्कळ जण नेमकी हीच तपासणी टाळतात. समजा, एक तरुण खलाशी आपल्या तांडेल चाचांना विचारतो, "चाचा, मशीन तर चालू आहे. मासळीचे दिवस आहेत. मग आज उघडायचं कशाला?" अनुभवी चाचा काय सांगतील? ते म्हणतील, "बेटा, चालू आहे ते वरचं. मार लागला आहे तो खाली." या दोन वाक्यांत सगळी गोष्ट आली. वरच्या भागाचा आवाज ऐकून खालच्या भागाची प्रकृती कळत नाही.

किनाऱ्यावरच्या तपासणीसाठी इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवाव्यात. मग पंखा फिरवताना इंजिन अचानक सुरू होण्याची भीती राहत नाही. पंख्याच्या एका पात्याच्या टोकाला जेमतेम लागेल अशी एक काडी पेटीला चिकटवावी आणि पंखा हळूहळू फिरवावा. प्रत्येक पाते काडीपासून सारख्याच अंतरावरून गेले पाहिजे. एखादे पाते काडीला धडकले किंवा लांबून गेले, तर ते वाकलेले आहे, किंवा शाफ्टच वाकलेला आहे. नेमके काय झाले आहे, हे कळण्यासाठी पंखा काढावा लागतो. पाते आणि वरची पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घातला, की पंखा फिरत नाही आणि नट सोडवता येतो. निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला, त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवावा. त्यामुळे बसवताना चूक होत नाही. आता शाफ्टच्या टोकाशी काडी धरून तो फिरवावा. शाफ्ट एका जागी स्थिर फिरला पाहिजे. टोक किंचितही वर्तुळात हेलकावे घेत असेल, तर शाफ्ट वाकला आहे.

एवढ्याशा वाकण्याने काय बिघडते, असे वाटेल. हिशेब करून पाहा. पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे होतात. म्हणजे वाकलेला शाफ्ट दर सेकंदाला ४० वेळा रबराच्या सीलला एका बाजूला ढकलतो. तासाभरात हे धक्के १,४४,००० होतात. सील किती दिवस टिकेल? सील गेले की तेल बाहेर आणि खारे पाणी आत!

शाफ्टभोवती जाळ्याचा धागा गुंडाळलेला असेल, तर तोही काढावा. नायलॉनचा धागा सीलला सुरीसारखा कापतो.

भेग शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. पेटी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. संशय असेल त्या जागी फडक्याने थोडे रॉकेल लावावे आणि काही मिनिटांनी पृष्ठभाग अगदी कोरडा पुसून घ्यावा. नंतर त्यावर खडूची बारीक पूड पसरावी. भेग असेल, तर तिच्यात शिरलेले रॉकेल खडूकडे ओढले जाते आणि पांढऱ्या पुडीवर एक काळसर ओली रेघ उमटते. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, त्याच नियमाने हे घडते. केसासारखी बारीक भेगही अशी नजरेस येते. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि मोठ्या माणसांनीच करावे.

यापुढची तपासणी तेलाची. ही सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन रात्रभर उभे ठेवावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने पेटीत शिरलेले पाणी तळाशी जमते. सकाळी पेटीच्या तळाचा स्क्रू हळूच सैल करावा. तेलाआधी पाण्याचे थेंब आले, तर पाणी आत शिरले आहे, हे सिद्ध झाले. मग वरचा स्क्रूही काढून सगळे तेल काचेच्या बरणीत घ्यावे. दूध घातलेल्या चहासारखे तेल दिसले, तर पाणी तेलात घुसळले गेले आहे. तेलाचा थेंब बोटांवर चोळून उन्हात पाहावा. त्यात चमकणारे कण आहेत काय? ते कण लोहचुंबकाला चिकटतात काय? गिअर पोलादाचे असतात, तर बाहेरची पेटी बहुधा ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे कण कोठून आले, याचा अंदाज करता येतो. अगदी बारीक राखाडी गाळ थोडासा असणे नेहमीचे आहे. पण नखाला जाणवणारे तुकडे सापडले, तर गिअरचे दात तुटले आहेत, असे समजावे. ते इंजिन मेकॅनिककडेच गेले पाहिजे.

सर्व ठीक असेल, तर नवे तेल भरावे. ते खालच्या छिद्रातून भरतात. वरच्या छिद्रातून बुडबुडे यायचे थांबून नुसते तेल येऊ लागले, की पेटी भरली. आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. स्क्रूखालच्या चकत्या नव्या घालाव्यात. जुने तेल खाडीत किंवा वाळूत ओतू नये. ज्या पाण्यातून आपली मासळी येते, त्याच पाण्यात विष कालवण्यासारखे ते होईल.

वरच्या भागाकडेही एकदा पाहावे. इंजिन एकाएकी अडले, तर वरचे जड चाक तसेच फिरत राहू पाहते. हा जडत्वाचा नियम आहे. त्या झटक्यात चाक जागेवर धरणारी लहानशी चावी कापली जाऊ शकते. मग ठिणगी चुकीच्या वेळी पडते. इंजिन सुरू व्हायला त्रास देते किंवा सुरू करताना दोरी हाताला उलटा झटका देते. धडकेनंतर असे होऊ लागले, तर त्याचा दोष इंधनाला देत बसू नये.

शेवटी रंगाकडे पाहावे. खडकाने जेथे रंग खरवडला, तेथे उघडे ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात झिजू लागते. म्हणून ती जागा साफ करून योग्य रंग लावावा. पेटीवर जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. जस्त स्वतः झिजते आणि ॲल्युमिनियमला वाचवते. धडकेत तो तुकडा पडला असेल, तर नवा बसवावा. त्या तुकड्यावर मात्र रंग लावू नये. रंगाखाली झाकलेले जस्त काहीच काम करू शकत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढ्या तपासणीत एक दिवस जातो आणि त्या दिवसाची कमाई बुडते. हे खरे आहे. रोजच्या मासळीवर ज्यांचे घर चालते, त्यांना एक दिवसही मोठा असतो. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गळके सील त्या दिवशी बदलले, तर काम थोडक्यात आटोपते. तेच तसे ठेवले, तर प्रत्येक फेरीत थोडे थोडे खारे पाणी आत जाते. तेल पातळ होते, गिअर गंजतात आणि एक दिवस ते अडकतात. तो दिवस कोणता असेल, हे आपल्याला निवडता येत नाही. कदाचित तो उधाणाचा दिवस असेल. ओहोटीचा प्रवाह खाडीच्या तोंडातून जोराने बाहेर चालला असेल, समोर खडकांवर लाटा फुटत असतील आणि होडीत घरातलीच दोन-तीन माणसे असतील. किनाऱ्यावर घालवलेला तो एक दिवस म्हणजे त्या माणसांच्या घरी परतण्याची किंमत आहे. ती फार नाही.

तपासणी झाली तरी काम पूर्ण होत नाही. नव्या तेलावर तीन-चार फेऱ्या झाल्या, की तळाचा स्क्रू पुन्हा सैल करून तेलाचा रंग पाहावा. बारीक गळती पहिल्या दिवशी कळत नाही, ती नंतर उघडकीस येते. एका वहीत तारीख, चांदची तारीख, धडक कोठे बसली आणि काय बदलले, हे लिहून ठेवावे. हे काम तुमच्यासारखे विद्यार्थी सहज करू शकतील. घरात कोणाची होडी असेल, तर अशी वही तुम्हीच सुरू करा. वर्षभरात तुमच्या खाडीतील कोणता खडप कोणत्या चांदला किती पाण्याखाली असतो, हे तुमच्या अक्षरात लिहिलेले असेल आणि तुमचे अब्बा किंवा चाचा होडी सोडण्यापूर्वी ती वही मागून घेतील.